विश्लेषण : 'नाविक'ची घड्याळं का बंद पडली आणि डहाणू-तलासरीला त्याचं काय?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने संसदेत 'नाविक' या भारताच्या स्वतःच्या दिशादर्शन यंत्रणेचा हिशोब मांडला. तोवर ११ उपग्रह सोडले गेले होते. त्यांपैकी चार उपग्रह तेव्हा स्थान सांगण्याचं काम करत होते, चार फक्त एकतर्फी संदेश पाठवण्यासाठी वापरले जात होते, एक निवृत्त झाला होता आणि दोन ठरलेल्या कक्षेत पोहोचलेच नव्हते.

यातला 'चार' हा आकडा लक्षात ठेवा. जमिनीवरच्या एखाद्या ठिकाणाचं अक्षांश, रेखांश आणि उंची काढायला कमीत कमी चार उपग्रह लागतात. म्हणजे त्या दिवशी यंत्रणा चालू होती, पण हाताशी एकही जादा उपग्रह नव्हता.

डहाणू तालुक्यातल्या गंजाडमध्ये कोणी मोबाइलवर नकाशा उघडला असता, तर त्याला यातलं काहीच जाणवलं नसतं. निळा ठिपका नेहमीसारखाच रस्त्यावर दिसला असता. आजचे फोन एकाच यंत्रणेवर अवलंबून नसतात. अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेईदू आणि जमेल तिथे भारताची नाविक, अशा सगळ्यांचे मिळून शंभराहून जास्त उपग्रह डोक्यावर फिरत असतात. आपली यंत्रणा लंगडी झाली तरी सामान्य माणसाची तक्रार येत नाही. बातमी दोन दिवस चालून विरून जाते त्याचं हेही एक कारण आहे.

पण नाविक लंगडी का झाली, हे पाहायला गेलं तर गोष्ट एका छोट्या डब्यापाशी येते. हा डबा म्हणजे उपग्रहावरचं अणुघड्याळ.

स्थान सांगायला घड्याळ कशाला?

दिशादर्शन करणारा उपग्रह तुमच्याकडे बघत नसतो. तो सतत एकच गोष्ट सांगत असतो: 'मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता अमुक वाजले आहेत.' तुमच्या हातातला रिसीव्हर तो संदेश ऐकतो, पोहोचायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणतो. ते झालं उपग्रहापासूनचं अंतर. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा सापडायला हवी. मग चौथा कशासाठी? तर तुमच्या फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं, ते किती चुकलंय हेही शोधावं लागतं. तीन अज्ञात जागेची आणि चौथं अज्ञात तुमच्या घड्याळाच्या चुकीचं. चार अज्ञातांना चार समीकरणं हवीत, म्हणून चार उपग्रह.

आता प्रकाशाचा वेग लक्षात घ्या. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश ३० सेंटीमीटर जातो. एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर. उपग्रहाचं घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकलं, तर त्याने सांगितलेल्या अंतरात ३०० मीटरची चूक शिरते. गंजाडमध्ये हे म्हणजे एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात जाणं झालं.

हातातल्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. त्याला वीज दिली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि घड्याळ त्या थरथरी मोजून सेकंद ठरवतं. असं साधं घड्याळ महिन्याला दहा-पंधरा सेकंद पुढेमागे होतं, म्हणजे दिवसाला साधारण अर्धा सेकंद. एसटी पकडायला ते पुरतं.

उपग्रहावरही क्वार्ट्झ असतोच, फक्त तो फार जपून कापलेला आणि एका छोट्या भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवलेला असतो. याला ऑसिलेटर म्हणतात, म्हणजे एकसारखी थरथर देणारं यंत्र. त्याची चूक दहा अब्जांत एक भाग इतकी कमी धरली, तरी दिवसभरात साडेआठ मायक्रोसेकंदांहून जास्त फरक पडतो. अंतरात तो अडीच किलोमीटरच्या वर जातो. उत्तम क्वार्ट्झही एकटा पुरत नाही.

म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायला अणू बसवतात. रुबिडियम हा मऊ, चंदेरी धातू. त्याच्या एका प्रकारच्या अणूला सेकंदाला ६ अब्ज ८३ कोटी ४६ लाख ८२ हजार ६१० वेळा कंप पावणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी दिल्या की तो एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत उडी मारतो. आकडा थोडा जरी हलला तरी ही उडी मंदावते. जगातल्या प्रत्येक रुबिडियम अणूसाठी हा आकडा तोच असतो. तो झिजत नाही आणि कारखाना बदलला म्हणून बदलतही नाही.

घड्याळात एका काचेच्या कुपीत रुबिडियमची वाफ असते. एका बाजूने रुबिडियमच्याच दिव्याचा प्रकाश तिच्यातून सोडतात, दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारा सेन्सर असतो. क्वार्ट्झच्या थरथरीला गुणून गुणून सहा अब्ज ८३ कोटींच्या आसपास नेतात आणि ती लहर कुपीत सोडतात. आकडा नेमका जुळला की अणू उड्या मारतात, वाफ जास्त प्रकाश शोषते आणि सेन्सरवरचा उजेड किंचित कमी होतो. उजेड पुन्हा वाढला की समजायचं, क्वार्ट्झ भरकटला. लगेच त्याला परत जागेवर आणलं जातं. ही तपासणी अखंड चालते. थोडक्यात, थरथर क्वार्ट्झची असते आणि ठेका रुबिडियम धरतं.

यातली एक गोष्ट बहुतेक लेखांत सुटते. उपग्रहाचं घड्याळ 'बरोबर' असण्याची फार गरज नसते. जमिनीवरची केंद्रं प्रत्येक घड्याळ किती पुढे-मागे आहे हे मोजत राहतात आणि दुरुस्तीचे आकडे वर पाठवतात. नाविकसाठी हे काम बंगळुरूजवळच्या ब्यालालू इथलं केंद्र करतं, तिथे याहून सरस घड्याळं आहेत. उपग्रहाच्या घड्याळाकडून हवी असते ती शिस्त. ते रोज दहा नॅनोसेकंद मागे पडत असेल तर रोज दहाच पडावं. आज दहा, उद्या पन्नास, परवा काहीच नाही, असं चाललं तर दुरुस्तीही करता येत नाही. सापेक्षतावादामुळे जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्यापेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. अंतरात मोजलं तर ११ किलोमीटर! तरी त्यामुळे काही बिघडत नाही, कारण हा आकडा आधीच ठाऊक आहे आणि उड्डाणापूर्वीच घड्याळ तेवढं हळू लावलेलं असतं.

मग बिघडलं काय?

भारताने ही यंत्रणा उभारायचं ठरवलं २००६ मध्ये. १९९९ च्या कारगिल युद्धात अमेरिकेने जीपीएसची अचूक माहिती दिली नाही, ही गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. त्या घटनेचा तपशील काहीही असो, दुसरी एक गोष्ट मात्र उघड आणि नोंदलेली आहे. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापरासाठीचा जीपीएस संदेश मुद्दाम बिघडवून देत असे, त्यामुळे सुमारे १०० मीटरपर्यंतची चूक येई. ते कसं करत? मुख्यतः उपग्रहाच्या घड्याळाच्या वेळेत मुद्दाम डळमळ घालून. ज्याच्या हातात घड्याळ, त्याच्या हातात नकाशा, हे अमेरिकेला तेव्हाच पक्कं माहीत होतं.

पहिला उपग्रह आयआरएनएसएस-१ए हा १ जुलै २०१३ रोजी गेला. सातवा, आयआरएनएसएस-१जी, २८ एप्रिल २०१६ रोजी. त्याच दिवशी पंतप्रधानांनी यंत्रणेला 'नाविक' हे नाव दिलं. तीन उपग्रह विषुववृत्तावर एका जागी उभे असल्यासारखे दिसणारे, चार उत्तर-दक्षिण हेलकावे घेणारे, सगळे सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर. भारत आणि सीमेपासून १५०० किलोमीटरपर्यंतचा टापू त्यांच्या कक्षेत येतो.

प्रत्येक उपग्रहावर तीन रुबिडियम घड्याळं होती. ती स्वित्झर्लंडमधल्या स्पेक्ट्राटाइम या कंपनीकडून घेतलेली होती. २०१६ च्या मध्यापासून पहिल्याच उपग्रहावरची घड्याळं एकामागून एक बंद पडू लागली आणि तिन्ही गेली. जानेवारी २०१७ मध्ये हे जाहीर झालं. त्याच महिन्यात युरोपच्या अवकाश संस्थेनेही सांगितलं की गॅलिलिओच्या तेव्हाच्या १८ उपग्रहांवर मिळून नऊ घड्याळं बंद पडली आहेत. त्यात तीन रुबिडियमची होती आणि सहा हायड्रोजनवर चालणारी. रुबिडियमची घड्याळं त्याच स्विस कंपनीची. युरोपच्या तपासात संशय गेला तो जमिनीवरच्या एका विशिष्ट चाचणीकडे, जिच्यामुळे आत शॉर्ट सर्किट होऊ शकतं.

सात उपग्रह वर आणि सातांचीही घड्याळं धड, अशी स्थिती नाविकच्या वाट्याला जेमतेम काही महिने आली.

युरोपला हा धक्का पेलवला, कारण त्यांच्या प्रत्येक उपग्रहावर दोन वेगवेगळ्या प्रकारची मिळून चार घड्याळं होती आणि नवे उपग्रह रांगेत उभे होते. आपल्याकडे राखीव म्हणून तयार ठेवलेला आयआरएनएसएस-१एच ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सोडला. पीएसएलव्ही रॉकेट व्यवस्थित वर गेलं, पण उपग्रहावरचं उष्णतारोधक कवच उघडलंच नाही. उपग्रह कवचातच अडकून राहिला. पुढचा १आय एप्रिल २०१८ मध्ये नीट पोहोचला.

आणि मग पाच वर्षं काहीच नाही. एप्रिल २०१८ ते मे २०२३ या काळात नाविकसाठी एकही उपग्रह गेला नाही. घड्याळं बंद पडणं हा अपघात म्हणता येईल, परदेशी माल निघाला तसा निघाला. पण पहिल्या पिढीच्या उपग्रहांचं आयुष्य दहा वर्षांचं आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घड्याळं दगा देताहेत हे २०१७ मध्ये साऱ्या जगाला कळलं होतं. अशा वेळी पाच वर्षांची पोकळी पडू देणं हा नियोजनाचा दोष आहे आणि २०२५ मधल्या 'चार' या आकड्याची मुळं मला तिथेच जास्त दिसतात.

अहमदाबादचं घड्याळ

या पोकळीत एक चांगली गोष्टही घडली. इस्रोच्या अहमदाबादमधल्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरने स्वतःचं रुबिडियम घड्याळ तयार केलं. हे काम वाटतं तितकं साधं नाही. कुपीतली वाफ, दिव्याचा उजेड, चुंबकीय कवच, तापमान, हे सगळं वर्षानुवर्षं जवळपास हलता कामा नये. दिव्यातलं रुबिडियम हळूहळू काचेत मुरत जातं, म्हणून सुरुवातीलाच किती भरायचं याचाही अंदाज लागतो. वर गेल्यावर दुरुस्तीला माणूस पाठवता येत नाही. अवकाशात चालणारं असं घड्याळ बनवणारे देश हातावर मोजण्याइतके आहेत.

२९ मे २०२३ रोजी जीएसएलव्ही रॉकेटने गेलेल्या एनव्हीएस-०१ वर हे देशी घड्याळ पहिल्यांदा बसलं. या नव्या पिढीच्या उपग्रहांचं आयुष्य बारा वर्षांचं धरलं आहे. ते एल-१ या जादा पट्ट्यातही संदेश देतात, जो लहान, कमी वीज खाणाऱ्या यंत्रांना सोपा जातो. संसदेत सांगितलेल्या चार चालू उपग्रहांपैकी हा एक.

दुसरा, एनव्हीएस-०२, २९ जानेवारी २०२५ रोजी गेला. श्रीहरिकोटाहून झालेलं ते शंभरावं उड्डाण, त्यामुळे कौतुकही भरपूर झालं. रॉकेटने आपलं काम चोख केलं. पण उपग्रहाला लंबवर्तुळाकार कक्षेतून वरच्या कक्षेत नेणारं त्याचं स्वतःचं इंजिन पेटलं नाही, कारण इंधन जाळायला लागणारा ऑक्सिडायझर आत सोडणाऱ्या व्हॉल्व्ह उघडल्याच नाहीत. उपग्रह जिवंत, त्याचे सौर पंखे उघडलेले, पण तो चुकीच्या कक्षेत.

म्हणजे १एच कवचात अडकला आणि एनव्हीएस-०२ व्हॉल्व्हपाशी. दोन्ही वेळा घड्याळाचा काही संबंध नव्हता. 'नाविकची घड्याळं खराब' हे वाक्य अजून सगळीकडे ऐकू येतं, पण ते आता अर्धंच खरं आहे. घड्याळ बनवायला आपण शिकलो. ते वेळेवर आणि योग्य जागी नेऊन ठेवणं मात्र अजून जमलेलं नाही.

समुद्रावर कोण जातं?

पालघर जिल्ह्याला ही चर्चा परकी वाटू नये. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींसाठीच्या एका देशव्यापी योजनेची सुरुवात झाली. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या बोटींवर टप्प्याटप्प्याने एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवायचे, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. तंत्रज्ञान इस्रोचं. मोबाइलची रेंज संपते तिथूनही बोटीला किनाऱ्याशी दोन्ही बाजूंनी बोलता यावं, संकटात ती सापडावी, हा हेतू. त्याच कार्यक्रमात ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. त्या बंदराला डहाणूच्या मच्छीमारांचा वर्षानुवर्षं विरोध असल्याने ट्रान्सपॉन्डरची बातमी मागेच पडली.

डहाणू-तलासरीच्या आतल्या भागातल्या आदिवासी पाड्यांतून बरेच तरुण हंगामात खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. पोरबंदर, ओखा, वेरावळ. तांडेल दुसरा, मालक तिसरा आणि जाळं ओढायला हे. सर क्रीकचा वाद मिटलेला नसल्याने तिथली सागरी हद्द दोन्ही देशांना मान्य होईल अशी आखलेलीच नाही. बोट पकडली गेली की तांडेलाबरोबर खलाशीही कराचीच्या तुरुंगात जातात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओख्याहून निघालेल्या 'जलपरी' या बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला. त्यात पालघर जिल्ह्यातल्या मच्छीमाराचा जीव गेला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला.

नाविक धडधाकट असती तर हे टळलं असतं का? असा दावा करणं खोटेपणा होईल. या बोटींवर जीपीएस यंत्रं वर्षानुवर्षं आहेत, आपण कुठे आहोत हे तांडेलाला बहुधा कळतं. मासळी जिकडे तिकडे बोट जाते. दहा मीटरच्या अचूकतेने हद्दीचा वाद सुटत नाही. मात्र इशारा वेळेवर मिळणं, वादळाची सूचना पोहोचणं, पकडल्या गेलेल्या क्षणी बोट नेमकी कुठे होती याची स्वतंत्र नोंद असणं, या गोष्टी खलाशाच्या घरच्यांसाठी मोलाच्या आहेत. ती नोंद कोणत्या देशाच्या घड्याळावर उभी आहे, हा प्रश्न अशा वेळी गैरलागू राहत नाही.

एक गंमत यात आहे. घड्याळ गेलेला उपग्रह पूर्ण वाया जात नाही. वादळाचा इशारा पाठवायला नॅनोसेकंदांची गरज नसते, म्हणून घड्याळं गमावलेल्या १ए चा वापर संदेशांसाठी करता आला. त्याला स्वतःची वेळ सांगता येत नव्हती, पण निरोप देता येत होता.

पायाखालची जमीन

या भागाला अचूक वेळेची गरज पडली ती समुद्रापेक्षाही जमिनीवर. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी, हळदपाडा हा पट्टा सर्वाधिक हादरला. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ रिश्टरचा होता, त्या दिवशी धावपळीत एका लहान मुलीचा जीव गेला. थंडीच्या दिवसांत लोक घराबाहेर, तंबूत झोपत होते.

हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांनी या भागात भूकंपमापक बसवले. लोकांचा प्रश्न सरळ होता: हे नेमकं कुठून येतंय? त्याचं उत्तर काढायची रीत उपग्रहांसारखीच आहे, फक्त उलटी. एकच धक्का वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रांपर्यंत किती वाजता पोहोचला यावरून त्याचा उगम शोधतात. पहिली लहर खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगाने येते. एका यंत्राचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने चुकलं, तर उगमापासूनच्या अंतरात ६०० मीटरची चूक. साध्या घड्याळाप्रमाणे रोज अर्धा सेकंद चुकलं, तर एका दिवसात तीन किलोमीटर. ही सगळी मालिकाच काही किलोमीटरच्या टापूत घडत होती, त्यामुळे एवढ्या चुकीने भूकंप या गावाखालचा उचलून त्या गावाखाली ठेवला असता. म्हणून प्रत्येक यंत्राला एक छोटा अँटेना असतो, तो उपग्रहावरून वेळ घेऊन आतला क्वार्ट्झ सतत ताळ्यावर ठेवतो. स्थान कधीच न बदलणाऱ्या यंत्राला दिशादर्शन उपग्रह लागतो, तो केवळ वेळेसाठी.

हीच गोष्ट मोबाइल टॉवर आणि विजेच्या जाळ्यावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रांची. स्थान सांगण्याचं काम लोकांना दिसतं, वेळ वाटण्याचं काम दिसत नाही. वेळेच्या बाबतीत नाविकला थोडी सवलतही आहे: रिसीव्हर एका जागी पक्का असेल आणि ती जागा आधीच मोजलेली असेल, तर वेळ कळायला एकच चालू उपग्रह पुरतो.

वनपट्ट्याची मोजणी आणि घड्याळाचा दोष

गंजाडसारख्या गावांत उपग्रहाशी थेट गाठ पडते ती वनहक्काच्या दाव्यांत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कसणाऱ्याच्या ताब्यातल्या जमिनीची मोजणी जीपीएस यंत्राने होते. एक एकर म्हणजे ४० गुंठे, चौकोनी धरलं तर एक बाजू सुमारे ६४ मीटर. प्रत्येक बाजू तीन मीटर कमी भरली तर पावणेचार गुंठ्यांच्या आसपास जमीन कागदावरून नाहीशी होते. कसणाऱ्यासाठी ते भाताच्या एका खाचराएवढं असू शकतं.

या चुकीचं खापर अवकाशातल्या घड्याळावर फोडू नये. घड्याळाचा वाटा त्यात छोटा असतो. वरच्या वातावरणातून येताना लहरीला होणारा उशीर, डोंगरउतार, झाडांची दाटी आणि मोजणाऱ्याने कोपऱ्यावर किती वेळ यंत्र धरलं, हे मोठे वाटेकरी. एकाच वेळी केलेल्या मोजणीत चारही कोपरे बहुधा एकाच दिशेला सरकतात, त्यामुळे क्षेत्रफळ तितकं बिघडत नाही, प्लॉट शेजाऱ्याच्या हद्दीत सरकलेला दिसतो.

तरीही नाविक पूर्ण असती तर इथे तिचा खास उपयोग होता. तिचे उपग्रह भारतासाठीच उभे केलेले, त्यामुळे ते आकाशात उंच राहतात. ८३ अंश पूर्व रेखांशावरची नाविकची जागा डहाणूहून पाहिली तर क्षितिजापासून ६० अंशांहून वर येते. दरीतल्या किंवा झाडीतल्या प्लॉटवर, जिथे क्षितिजाजवळचे उपग्रह झाकले जातात, तिथे उंचावरचा उपग्रह कामी येतो. शिवाय नाविक दोन वेगळ्या पट्ट्यांत संदेश देते. दोन्ही ऐकणारा रिसीव्हर असेल तर त्यांच्या उशिराची तुलना करून वातावरणाची चूक बरीचशी काढून टाकता येते. त्यासाठी अर्थात डोक्यावर पुरेसे चालू उपग्रह हवेत. चारच असले आणि त्यातला एक डोंगराआड गेला, तर नाविक एकटी काहीच सांगू शकत नाही.

पुढे काय पाहायचं?

संसदेतल्या त्याच हिशोबात एनव्हीएस-०३ हा २०२५ अखेर आणि त्यानंतर सहा-सहा महिन्यांनी ०४ आणि ०५, असं वेळापत्रक दिलं होतं. नाविकच्या तारखांचा आजवरचा अनुभव पाहता ते पेन्सिलीने लिहिलेलं समजावं. दरम्यान पहिल्या पिढीचे उरलेले उपग्रह म्हातारे होत आहेत. १बी एप्रिल २०१४ मध्ये गेला होता, त्याची दहा वर्षं केव्हाच उलटली. १एफ मार्च २०१६ चा. नवा उपग्रह वर जाण्याचा वेग जुना बंद पडण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तरच 'चार'चा आकडा वाढेल.

पुढच्या उड्डाणाच्या दिवशी रॉकेट वर जाताना टाळ्या वाजतील, पण तेवढ्याने नाविकच्या हिशोबात भर पडत नाही. त्यानंतर उपग्रहाचं इंजिन पेटावं लागतं, तो ३६ हजार किलोमीटरवर आपल्या जागी पोहोचावा लागतो, रुबिडियमचा दिवा लागावा लागतो, आणि मग ब्यालालूचं केंद्र काही काळ त्या घड्याळाची चाल तपासतं. चाल शिस्तीची आहे अशी खात्री पटली की मगच त्या उपग्रहाची वेळ विश्वासाची म्हणून रिसीव्हरना वापरता येते.